मध्यरात्रीचे नागपूर : रात्रीच्या हवाई टपालाची व्यवस्था व तिचे गिऱ्हाईक

नागपूर हे भारताच्या नकाशात मधोमध पडते, म्हणून स्वातंत्र्योत्तर काळात रात्रीच्या हवाई टपालाचे केंद्र तेथे झाले, असे विधान आपल्याकडील लिखाणात वारंवार आढळते. शून्य मैलाच्या स्तंभाकडे बोट दाखविले की ते सिद्ध झाले, असेही समजले जाते. हे विधान खोटे आहे असे नव्हे. ते अपुरे आहे. नागपूर १९३२ साली मध्यभागी होते, १९४९ साली होते आणि आजही आहे. परंतु मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांहून निघालेली विमाने मध्यरात्रीनंतर सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडण्याच्या सुमारास पुन्हा चार दिशांना जाऊन पोचत, हा प्रकार १९४९ मध्ये सुरू झाला व १९७० नंतरच्या काही वर्षांतच संपला. जे कारण सदैव विद्यमान असते, त्याने एका विशिष्ट वर्षी जन्मलेल्या व विशिष्ट काळी नाहीशा झालेल्या संस्थेचा उलगडा होत नाही. भूगोल ही सोय होती. कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

ते कारण हवाई मालवाहतुकीच्या धंद्याच्या घडणीतच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आपल्याकडील विमानवाहतुकीचा इतिहास बहुधा वैमानिकांच्या धाडसाचा, उतारूंच्या सोयीचा अथवा राष्ट्रीयीकरणाच्या वादाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. माल कोणी दिला, किती दिला, किती वाजता दिला आणि तो रोज मिळेल याची हमी कोणी घेतली, हे प्रश्न त्यात दुय्यम ठरतात. वस्तुतः कंपनीचे जगणेमरणे याच प्रश्नांवर अवलंबून असते. विमान भरलेले असो वा रिकामे, वैमानिकाचा पगार, एंजिनाची झीज, विमानतळाचे शुल्क व बहुतांश इंधन यांचा खर्च टळत नाही. आज रिकामी गेलेली जागा उद्या विकता येत नाही. मालमोटारीच्या धंद्यातील कोणीही माणूस परतीचे भाडे मिळाले की नाही, हा प्रश्न प्रथम विचारतो. विमानाच्या धंद्यात तोच प्रश्न शतपटीने तीव्र होतो. शिवाय मालवाहू विमान जे विकते तो वेग नव्हे, तर वेळ होय. माल ताशी किती किलोमीटर वेगाने गेला याच्याशी गिऱ्हाइकाला कर्तव्य नसते. सायंकाळी दिलेली वस्तू सकाळी कचेरी उघडण्यापूर्वी पोचली की नाही, एवढेच त्याला पाहावयाचे असते.

या दृष्टीने पाहता भारतातील नियमित हवाई मालवाहतुकीचा आरंभ उतारूंपासून नव्हे, टपालापासून झाला. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादच्या प्रदर्शनभूमीवरून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. जगातील पहिले अधिकृत हवाई टपाल म्हणून या उड्डाणाचा गौरव केला जातो व तो यथार्थ आहे. परंतु अंतर सुमारे १० किलोमीटरांचे होते आणि त्या पत्रांना घाई नव्हती. तो समारंभ होता, सेवा नव्हती. सेवा सुरू झाली ती १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. इंपीरियल एअरवेजची विमाने इंग्लंडचे टपाल कराचीपर्यंत आणीत. ते टपाल त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीच्या एका एंजिनाच्या विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला आणले आणि तेथून नेव्हिल व्हिंटसेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. टपालाचे वजन सुमारे २५ किलो होते.

या आरंभीच्या टाटा सेवेची दोन वैशिष्ट्ये पुढील विवेचनास उपयोगी आहेत. सरकारने तिला अनुदान दिले नाही. वाहून नेलेल्या टपालाच्या वजनाप्रमाणे मोबदला देण्याचा करार केला. दुसरे असे की, गिऱ्हाईक एकच होते, टपालखाते. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात या सेवेने नेलेल्या उतारूंची संख्या १५५ आणि टपालाचे वजन सुमारे ११ टन असे सांगितले जाते. वर्षाला दीडशे उतारू म्हणजे दोन दिवसांत एकदेखील नव्हे. त्यांच्यावर विमान चालले नसते. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून त्या महिन्यांत विमानांचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. पण टपालाची वेळ चुकू नये याकडे कटाक्ष असे. कंपनीचा लौकिक याच वक्तशीरपणावर उभा राहिला. पत्र लिहिणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्याला मात्र कंपनीचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने जादा हशील भरून पत्र टपालपेटीत टाकले, की त्याचा संबंध संपला. मालवाहतुकीच्या इतिहासात ही स्थिती पुनःपुन्हा आढळते. खरा पाठविणारा व खरा वाहून नेणारा यांची गाठ पडत नाही. मध्ये एक संस्था उभी असते आणि कंपनीच्या दृष्टीने तीच गिऱ्हाईक असते.

येथवर हवाई टपाल ही जादा पैसे मोजणाऱ्यांची चैन होती. तिचे स्वरूप बदलू शकते हे १९३८ मध्ये साम्राज्य हवाई टपाल योजनेने दाखविले. साम्राज्यातील बहुतेक देशांमधील साधी पत्रे जादा हशील न घेता विमानाने न्यावयाची, असे तिचे सूत्र होते, व त्या वर्षाच्या फेब्रुवारीत ती भारतास लागू झाली. पुढील वर्षी युद्ध पेटताच ती गुंडाळली गेली. तथापि एक धडा त्यातून मिळाला होता. हशील काढून टाकले की टपालाचे वजन वाढते, आणि वजन वाढले की विमानाच्या फेऱ्या नियमित करणे परवडते. दहा वर्षांनंतर दिल्लीत हाच धडा पुन्हा गिरविण्यात आला.

युद्धाने दुसरी एक गोष्ट मागे ठेवली, ती म्हणजे डाकोटा विमाने. अमेरिकन लष्कराची निकामी ठरलेली ही विमाने स्वस्तात मिळू लागली, तशा नव्या कंपन्या निघाल्या. १९४६ मध्ये परवाना मंडळ स्थापन झाले व त्याने परवाने सढळ हाताने दिले. डेक्कन एअरवेज, एअरवेज (इंडिया), भारत एअरवेज, अंबिका, ज्युपिटर, कलिंग ही नावे आज जुन्या वेळापत्रकांतच सापडतात. विमाने आली, वैमानिक युद्धातून मोकळे झाले. आले नाही ते भाडे. फाळणीनंतर आसामचा रेल्वेसंबंध पूर्व पाकिस्तानमुळे तुटला, तेव्हा चहा व इतर माल विमानांनी नेण्याचे काम काही कंपन्यांना काही काळ मिळाले, पण ते आपत्कालीन काम होते. भारतीय हद्दीतून आसामला जाणारा लोहमार्ग १९५० च्या आरंभी पुरा झाल्यावर त्याची निकड बरीच ओसरली. रोजच्या रोज, बारमाही, न मागता मिळणारे वजन देशात एकाच संस्थेजवळ होते, ती म्हणजे टपालखाते.

दळणवळणमंत्री रफी अहमद किडवई यांनी ते वजन विमानांच्या पदरात टाकण्याचा निर्णय घेतला. ३० जानेवारी १९४९ रोजी, म्हणजे गांधीजींच्या पहिल्या पुण्यतिथीस, रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले. पुढे १ एप्रिल १९४९ पासून देशातील पत्रे, कार्डे व मनीऑर्डरी, विमानाने नेल्यास लवकर पोचत असतील तर, जादा हशील न घेता विमानाने नेण्याची योजना अंमलात आली. या दोन घटनांचा विचार सामान्यतः निरनिराळा केला जातो. माझ्या मते त्यांतली दुसरी ही पहिलीचा पाया होय, मग कालक्रमाने ती दोन महिने मागाहून का येईना. रात्रीची चार विमाने नागपुरास आणणे हा यांत्रिक भाग झाला. देशातील कोणत्याही साध्या कार्डाला विमानात जागा मिळेल असे ठरविणे हा आर्थिक निर्णय होता, व त्यानेच ती विमाने भरली.

आता यंत्रणेकडे वळू. डाकोटाचा सर्वसाधारण वेग ताशी २५० किलोमीटरांच्या आसपास धरावा. नागपूरपासून सरळ हवाई अंतर मुंबईचे सुमारे ६८०, दिल्लीचे ८५०, मद्रासचे ९१० व कलकत्त्याचे ९८० किलोमीटर भरते. म्हणजे मुंबईहून पावणेतीन तास, दिल्लीहून साडेतीनच्या आत, मद्रासहून साडेतीनपेक्षा थोडे अधिक व कलकत्त्याहून चारच्या आत विमान नागपुरास पोचेल. सर्वांत लांब फाट्यावर जाऊन-येऊन आठ तास व मध्ये थैल्या बदलण्यास तास-दीड तास धरला, तर सगळा खटाटोप साडेनऊ तासांत आटोपतो. सायंकाळी कचेऱ्या बंद झाल्यानंतर टपालपेट्या रिकाम्या करून थैल्या बांधावयाच्या आणि सकाळच्या पहिल्या वाटपापूर्वी त्या फोडावयाच्या, या दोहोंमधील अवकाश साधारण तेवढाच असतो. हे जुळणे विलक्षण आहे. विमान आणखी मंद असते, तर सकाळचे वाटप चुकले असते. ते बरेच वेगवान असते, तर नागपूरला थांबण्याची गरजच उरली नसती. पुढे तसेच घडले, त्याकडे यथाकाल येऊ. हा सारा हिशेब अंतरावरून मांडलेला आहे. प्रत्यक्षात वारा, ढग आणि दुरुस्त्या यांमुळे घड्याळाचे काटे कोणत्या रात्री कोठे असत, हे निराळे.

चार शहरांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीत दोन्ही दिशांना रोज रात्री थेट टपाल न्यावयाचे तर बारा विमाने हवीत, आणि दिल्ली-मद्रास किंवा मुंबई-कलकत्ता हे अंतर १,६०० किलोमीटरांच्या वर असल्याने डाकोटाला प्रत्येक खेपेस साडेसहा-सात तास उडावे लागेल. एका सांध्यावर सर्वांनी भेटावयाचे ठरविले, तर चार विमानांत काम भागते. इतकेच नव्हे, तर प्रत्येक फाटा आखूड झाल्याने इंधन कमी घ्यावे लागते आणि वाचलेल्या वजनाइतका माल अधिक घेता येतो. डाकोटाची माल नेण्याची शक्ती जेमतेम अडीच-पावणेतीन टन असल्यामुळे ही बचत लहान नव्हती. मुंबईच्या बाबतीत आणखी एक लाभ संभवतो. तिचे अंतर सर्वांत कमी असल्याने तिचे विमान कलकत्त्याच्या विमानाहून तासभर उशिरा सुटले तरी चालण्यासारखे होते, म्हणजे मुंबईची शेवटची टपालपेटी तासभर उशिरा बंद करता येण्यासारखी होती.

अदलाबदलीचे तत्त्व रेल्वे डाक सेवेस परिचित होते. नागपूर हे मुंबई-हावडा व दिल्ली-मद्रास या लोहमार्गांचे छेदस्थान असल्याने बंद थैली न फोडता एका गाडीतून दुसरीत चढविणे हे तेथल्या टपाल कर्मचाऱ्यांचे नित्याचे काम होते. विमानतळावर तेच काम रात्री, उघड्या मैदानात व घाईने करावयाचे होते. प्रत्येक विमान उरलेल्या तीन शहरांच्या थैल्या घेऊन येई; म्हणजे बारा ढीग उतरवून, ते मोजून, नोंदवून, बारा जागी चढवावयाचे. डाकोटाचे शेपटाकडील चाक लहान असल्याने जमिनीवर उभ्या विमानाची फळी मागून पुढे चढती असते. दार मागील बाजूस, तेव्हा प्रत्येक थैली त्या चढावरून पुढे न्यावी लागे. आणि ती कोठेही टाकून चालत नसे. वजनाचा तोल पुढे-मागे गेला, तर उड्डाण धोक्याचे होते. म्हणून कोणता ढीग कोठे ठेवावयाचा हे ठरलेले असावे लागते. मालवाहतुकीच्या कंपनीचे कौशल्य हवेत जितके दिसते, तितकेच या तासाभरात जमिनीवर दिसते.

सांध्याच्या पद्धतीचा दोषही येथेच आहे. एका विमानास उशीर झाला, की उरलेल्या तिघांपुढे प्रश्न उभा राहतो. थांबावे तर चार शहरांचे सकाळचे वाटप चुकते. निघावे तर एका शहराचे टपाल पूर्ण एक दिवस मागे पडते. दिल्लीचे हिवाळी धुके व मुंबईचा पावसाळा ध्यानात घेतला, म्हणजे हा प्रश्न वर्षातून किती रात्री उद्भवत असेल याची कल्पना येते. थेट उड्डाणांच्या व्यवस्थेत एकाचा उशीर दुसऱ्याला बाधत नाही. सांध्यावर सर्वांचे दैव एका दोरीने बांधलेले असते.

विमानांतून उतारूही नेत असत व त्यांना दिवसाच्या मानाने भाडे कमी पडे. मध्यरात्री नागपुरास उतरून, ताटकळत विमान बदलणाऱ्यांच्या आठवणी जुन्या पिढीत ऐकावयास मिळत. त्या आठवणींत एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. आज हवाई मालाचा मोठा भाग उतारूंच्या विमानांच्या पोटातून जातो. वेळापत्रक उतारूंसाठी आखलेले असते व माल उरलेल्या जागेत बसतो. नागपूरच्या रात्री याच्या उलट होते. वेळापत्रक थैल्यांचे होते आणि उतारू उरलेल्या जागेत बसत.

या सेवेचा लाभ कोणास झाला? मुंबईच्या पेढीने सायंकाळी लिहिलेले पत्र कलकत्त्याच्या पेढीस दुसऱ्या सकाळी मिळू लागले. रेल्वेने त्यास दीड दिवसाहून अधिक लागे. हुंडी, धनादेश, बाजारभावाची पत्रे, करारमदार यांच्या बाबतीत एक दिवस वाचणे म्हणजे एका दिवसाचे व्याज वाचणे. हा लाभ जादा हशिलावाचून मिळाला, हे त्या योजनेचे वैशिष्ट्य. परंतु लाभाचे वाटप समान नव्हते, हेही सांगितले पाहिजे. गिरणगावातील कामगाराने रत्नागिरीकडे धाडलेली मनीऑर्डर नागपूरच्या वाटेने जात नव्हती. तिचा प्रवास पूर्ववत बोटीने व मोटारीनेच व्हावयाचा. साधे कार्ड विमानात चढले, हे लोकशाहीचे चिन्ह म्हणून मिरविता येते. परंतु चार मोठ्या शहरांमधून ते ज्या खेड्याकडे जावयाचे तेथे पोहोचेपर्यंत वाचलेल्या तासांपैकी किती शिल्लक राहत, हा प्रश्न उरतो.

योजनेस सर्वांत कडवा विरोध झाला तो ज्यांनी हवाई टपालाचा पाया घातला त्यांच्याकडूनच. जे. आर. डी. टाटा यांचे म्हणणे असे की, रात्री उतरण्यास लागणारे दिवे, बिनतारी दिशादर्शक साधने व पर्यायी विमानतळ यांची पुरेशी सोय झाल्यावाचून रात्रीची नियमित उड्डाणे चालविणे हा वैमानिकांच्या जिवाशी खेळ आहे, आणि हे काम अननुभवी कंपनीकडे सोपविणे तर अधिकच धोक्याचे. त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. अमेरिकेत १ जुलै १९२४ पासून किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत रात्रंदिवस हवाई टपाल नियमित सुरू झाले, ते मार्गावर ठरावीक अंतरावर प्रकाशस्तंभांची रांग उभारून. आणि खासगी कंपन्यांना टपालाचे कंत्राट देणारा कायदा त्यानंतर, १९२५ मध्ये झाला. तेथे आधी सरकारने दिवे लावले, मग कंपन्या आल्या. आपल्याकडे क्रम उलटा होत आहे, अशी टाटांची तक्रार होती.

किडवईंच्या बाजूनेही बोलता येते. विमाने येणार नाहीत तोवर दिवे लावण्यास कोणतेही खाते पैसा मंजूर करीत नाही. आधी निकड उत्पन्न करावी, मग सोयी आपोआप येतात, ही राजकारणी पुरुषाची रीत आहे व ती पुष्कळदा फलदायी ठरते. टाटांकडे असलेल्या प्रबळ कंपनीने नकार दिला म्हणून देशाचे टपाल दिवसाच्या विमानांच्या सोयीने चालावे, हेही त्यांना पटण्यासारखे नव्हते. या वादात एकालाच न्याय देण्याचा मोह आपण टाळावा. ही सेवा पुढे वीस वर्षांहून अधिक चालली, ही गोष्ट किडवईंच्या पदरात पडते. पण ती ज्या कंपनीने सुरू केली, त्या इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सला वर्षभरही तग धरता आला नाही, आणि १९४९ च्याच उत्तरार्धात ते काम हिमालयन एव्हिएशनकडे सोपवावे लागले, ही गोष्ट टाटांच्या पदरात पडते. सांध्याचे वचन सरकारने दिले होते. त्याची जोखीम मात्र लहान भांडवलाच्या कंपनीने व तिच्या वैमानिकांनी उचलली होती.

ही जोखीम काल्पनिक नव्हती. १२ डिसेंबर १९५३ रोजी, म्हणजे राष्ट्रीयीकरणास चार-साडेचार महिने झाल्यावर, रात्रीच्या टपालाचे एक डाकोटा नागपुरातून उड्डाण करताच कोसळले. विमानातील चौदांपैकी तेरा जण मृत्युमुखी पडले. कंपनी खासगी असो वा सरकारी, रात्र तीच होती.

दरम्यान कंपन्यांची आर्थिक अवस्था पाहण्यासाठी १९५० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली होती. (याच न्यायमूर्तींनी १९४६ मध्ये टपाल कर्मचाऱ्यांच्या वेतनाच्या तंट्यात निवाडा दिला होता. पोस्टमनच्या पिशवीची आणि विमानाच्या थैलीची अशी दोन्ही प्रकरणे एकाच माणसापुढे आली, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे.) उपलब्ध भाड्याच्या मानाने कंपन्या फार झाल्या आहेत, चार पुरेत, हा समितीच्या निष्कर्षाचा गाभा होता, राष्ट्रीयीकरण लगेच करावे असे तिचे मत नव्हते. सरकारने तो सल्ला मानला नाही. १९५३ च्या हवाई महामंडळ कायद्यान्वये १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. तिच्या वाट्यास आलेल्या ९९ विमानांपैकी ७४ डाकोटा होती. रात्रीचे टपाल नव्या महामंडळाकडे आले. कंपन्यांना तोट्यात लोटणारी स्पर्धा संपली, तशी नागपूरच्या सांध्याची जोखीम उचलणाराही तोच व वजन पुरविणाराही तोच, म्हणजे सरकार, असे झाले. ही सेवा इतकी वर्षे टिकली याचे रहस्य येथे आहे. तिच्या काळात टपालखाते व विमानसेवा या एकाच धन्याच्या दोन पेढ्या होत्या.

ती संपली कशी, हे पाहिले म्हणजे भूगोलाच्या युक्तिवादाचा उरलासुरला आधारही जातो. १९६४ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे कॅरव्हेल ही जेट विमाने आली. मुंबईहून कलकत्त्यास दोन-तीन तासांत पोचणाऱ्या विमानाला मध्ये नागपुरास उतरणे हा खोळंबा होय. सायंकाळच्या व पहाटेच्या उतारू विमानांतूनच टपाल जाऊ लागले. पुढे १९७३ मध्ये तेलाच्या किमती भडकल्या, तेव्हा जुन्या विमानांची रात्रीची स्वतंत्र फेरी राखणे अधिकच अवघड झाले. नागपूर जेथल्या तेथे होते. वेळेचा तो विलक्षण मेळ तेवढा मोडला होता.

साधारण त्याच सुमारास, १७ एप्रिल १९७३ रोजी, अमेरिकेत मेंफिस येथे फेडरल एक्स्प्रेस या कंपनीने १४ लहान जेट विमानांनिशी २५ शहरांसाठी रात्रीच्या सांध्याचा धंदा आरंभिला. पहिल्या रात्री तिला १८६ पुडकी मिळाली. सांध्याची कल्पना या कंपनीने प्रथम काढली, असे व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांतून विद्यार्थ्यांना शिकविले जाते. ती कल्पना नागपुरात चोवीस वर्षे आधी राबविली गेली होती, हे सांगताना आपल्याला समाधान वाटणे साहजिक आहे. परंतु दोहोंतील भेदही ध्यानात ठेवावा. नागपूरला वजन पहिल्या दिवसापासून हुकमी होते. मेंफिसला ते एकेका गिऱ्हाइकाच्या दारी जाऊन मिळवावे लागले, व तेवढ्या अवधीत कंपनीने प्रचंड तोटा सोसला.

या भेदाची सर्वांत स्पष्ट कसोटी पुन्हा नागपुरातच लागली. ब्लू डार्ट ही मुंबईची कंपनी १९८३ मध्ये कुरिअर म्हणून निघाली. कचेऱ्यांतून कागद व पुडकी गोळा करून ती दुसऱ्यांच्या विमानांतून धाडीत असे. स्वतःची मालवाहू विमाने तिने १९९६ मध्ये उडविली. म्हणजे तेरा वर्षे तिने प्रथम वजन जमविले, मग विमाने घेतली. कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांच्या डेक्कन ३६० या कंपनीने २००९ मध्ये एअरबस ३१० व एटीआर जातीची मालवाहू विमाने घेऊन सेवा सुरू केली आणि नागपूर हाच आपला सांधा ठरविला. देशाच्या मध्यावरून सर्वत्र एका रात्रीत पोचता येते, हा त्यांचा विचार नकाशावर अचूक होता. १९४९ पेक्षा विमाने शतपटीने चांगली होती, धावपट्टीवर दिवे होते, सोबतीला मिहानचा प्रकल्प होता. १९११ मधील पहिल्या हवाई टपालास शंभर वर्षे पूर्ण झाली त्याच २०११ साली ही कंपनी बंद पडली. तिच्यापाशी विमाने आधी होती. रोज सायंकाळी न चुकता थैल्या आणून देणारे एकच मोठे गिऱ्हाईक मात्र नव्हते.

या विषयावर अधिक काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी साधनांविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. ३० जानेवारी १९४९ च्या पहिल्या उड्डाणाची म्हणून जपलेली लिफाफ्यांची संग्रहणे उपलब्ध आहेत. ती देखणी असली, तरी इतिहासाच्या दृष्टीने फसवी आहेत, कारण त्यांतले बहुतेक लिफाफे संग्राहकांनी स्वतःलाच पाठविलेले असतात. खरा पुरावा आहे तो घरोघरच्या पेट्यांतील साध्या पत्रांत. त्या काळच्या लिफाफ्यावर टाकल्याचा शिक्का पुढे व पोचल्याचा शिक्का बहुधा मागे असे. त्यांवर दिनांक आणि पुष्कळदा वेळही उमटलेली असे. १९४५ ते १९६५ या काळातील अशी दोन-तीनशे पत्रे, मोठ्या शहरांची वेगळी व तालुक्याच्या व खेड्याच्या ठिकाणांची वेगळी, गोळा करून दोन शिक्क्यांमधील तासांचे कोष्टक मांडले, तर १९४९ च्या आधी व नंतर कोणत्या गावास किती तास मिळाले हे दाखविता येईल. गिरणगावच्या मनीऑर्डरीविषयी वर जे म्हटले आहे ते तर्काने म्हटले आहे. मनीऑर्डरीच्या पावत्या अनेक कुटुंबांनी जपून ठेवलेल्या असतात, त्यांवरूनही तो तर्क तपासता येईल.

विदर्भातील कापसाच्या पेढ्यांचा पत्रव्यवहार याकामी विशेष उपयोगी पडेल, असे वाटते. या पेढ्या सांध्याच्या अगदी जवळ होत्या, आणि मुंबईच्या बाजाराशी त्यांचा रोजचा संबंध होता. अकोला किंवा यवतमाळ येथील एखाद्या पेढीची १९४८ व १९५० या दोन वर्षांची दप्तरे शेजारी ठेवून पाहिली, तर मध्यरात्रीच्या त्या तासाभराने खुद्द नागपूरच्या आसमंतास काय दिले, याचे उत्तर मिळू शकेल.